बिरकनरॉइडांच्या टाचण्या

लिनेटनं सकाळपासून चहाची किटली चारदा भरली, खुर्च्या दोनदा सरळ केल्या, तरी तिचा पाय एका जागी ठरेना. बिरकनरॉइड आडनावाची माणसं दरसाल चॅपलच्या हॉलमध्ये जमत. आज तिचे वडील, क्लिफर्ड, वही कुणाच्या तरी हाती सोपवणार होते.

वही म्हणजे साधीसुधी नव्हे. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या वर, डोंगरात, बर्चची झाडं तोडून कुणीतरी शेत काढलं, त्या शेताचं नाव माणसांना चिकटलं, आणि पुढं ती माणसं कुठंकुठं पांगली, ते सगळं तिच्यात. भिंतीवर जगाचा नकाशा. जितके जिवंत बिरकनरॉइड तितक्या टाचण्या. पोरीनं लग्न करून आडनाव बदललं, की तिची टाचणी निघालीच! लिनेटची तर लग्नाच्या संध्याकाळीच निघाली, त्याला सव्वीस वर्षं झाली. पण थडग्यांवरचं शेवाळ खरवडून नावं वाचली कुणी? देशोदेशी पत्रं लिहिली कुणी? म्हाताऱ्याला गाडीत घालून गावोगाव हिंडवलं कुणी? लिनेट सटक्लिफनंच ना! वही आपल्याला मिळावी, एवढंच तिला हवं होतं.

"वही लॅकलनला," क्लिफर्ड म्हणाले. "टास्मानियात आपली तेवीस माणसं आहेत. नाव तिकडं टिकेल."

टाळ्या पडल्या.

टास्मानियाहून आलेला लॅकलन, तिशीचा रापलेला गडी, लाजत उठला. "आजोबा, लई उपकार. आमच्याकडं हे नाव राहिलं ते एडा पणजीमुळं, बरं का. नवरा डन आडनावाचा, तो सोनं शोधायला म्हणून पळाला. तिनं सरळ माहेरचं आडनाव लावलं, पोरांनाही तेच दिलं. खमकी बाई!"

हॉल हसला. क्लिफर्ड हसले नाहीत.

"म्हणजे नाव बाईकडून आलंय?"

"हो की."

"एडाचं चाललं, तर माझं का नाही, बाबा?" लिनेटच्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं गिळलेलं वाक्य.

क्लिफर्ड काठी टेकत नकाशापाशी गेले. आता आपली टाचणी लागणार, असं लिनेटला वाटलं. वेडी आशा! म्हाताऱ्यानं टास्मानियातली एक टाचणी उपटली. मग दुसरी.

"नियम म्हणजे नियम."

"अहो आजोबा, काय करताय?" लॅकलन पुढं झाला. क्लिफर्डनी त्याचा हात झटकला. तिसरी. चौथी.

एक लावावी लागू नये म्हणून हा माणूस तेवीस काढतोय! लिनेटला रडू नाही, संताप आला. तिनं कोट चढवला, गाडीची किल्ली उचलली.

"कुठं निघालीस? मला घरी कोण नेणार?"

"कुणा बिरकनरॉइडला सांगा, बाबा," ती दारातून म्हणाली. "मी सटक्लिफ."