पहिलवानाची पिशवी

मी रक्ताची पिशवी बोलतेय. लगेच तोंड वाकडं करू नका. तुम्हीही हेच रक्त अंगात घेऊन दिवसभर हिंडता, फक्त तुमचं बाहेरून दिसत नाही.

जन्माने मी नुसतं रिकामं प्लास्टिक. पोटात थोडं औषधी पाणी, रक्त गोठू नये म्हणून, आणि मागे नळीची लांब शेपटी. एका मंगळवारी सकाळी रक्तपेढीतल्या खुर्चीजवळ मला ठेवलं आणि माझं नशीब ठरलं. खुर्चीत बसला होता व्यायामशाळेत शिकवणारा एक दणकट गडी. घरचे त्याला पहिलवान म्हणत. शेजारच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण. सायकलवरून टपाल वाटणारी, अंगाने किडकिडीत, म्हणून तिचं नाव काडी. दोघांचा रक्तगट एकच, आणि तोही सहसा न मिळणारा.

"काडे, तू घरी जा बघू. तुझी पिशवी भरेपर्यंत संध्याकाळ व्हायची."

"तू आपलं बघ दादा. सुई दिसल्यावर डोळे कुणी मिटले?"

पहिलवान फॉर्म भरत होता. 'काही औषधं, इंजेक्शनं घेता का?' या प्रश्नावर त्याचं पेन जरा अडखळलं. मग त्याने 'नाही' वर खूण केली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी बघता बघता भरले. काडीची पिशवी मात्र रमतगमत भरत होती. मला तर शिंगंच फुटली! फ्रीजमध्ये आम्हाला शेजारी ठेवलं, तेव्हा तिला मी सुनावलं, "माझ्यासारखी तब्येत हवी."

अंगात गारठा भरला, तशा लाल पेशी तळाशी बसल्या आणि वर पिवळसर पाणी राहिलं. माझ्या अंगावर तारीख होती. पस्तीस दिवस. तेवढ्यात कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, नाहीतर कचऱ्यात. मला एवढीच आस होती.

तिथे एक तंत्रज्ञ बाई होत्या. सगळे त्यांना वहीवाल्या ताई म्हणत. दर मंगळवारी त्या आमच्या शेपटीचा एकेक तुकडा कापून न्यायच्या, तपासायच्या आणि वहीत लिहायच्या: देणारा पुरुष की बाई, वय किती, वजन किती, सिगारेट ओढतो का. पेढीतले डॉक्टर चिडवायचे, "ताई, पिशवीत आलं की सगळं रक्त सारखंच."

"मग काहींच्या पेशी लवकर का फुटतात, डॉक्टर? आणि त्याच माणसाच्या पुढच्या खेपेलाही बहुधा तशाच का फुटतात?"

मलाही प्रश्न पडायचा. एकच फ्रीज, एकच थंडी, पिशव्याही एकाच कारखान्यातल्या. मग फरक येतो कुठून? पण तो प्रश्न माझ्यावरच शेकेल असं वाटलं नव्हतं.

एकतिसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाळंतपणात एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. आमचाच गट हवा होता, आणि दोन पिशव्या. फ्रीजमध्ये त्या गटाच्या आम्ही दोघीच! मी हरखून गेले.

ताईंनी आम्हाला दिव्यासमोर धरलं. काडीच्या पिशवीतलं वरचं पाणी अजून पिवळं होतं. माझं बिटासारखं लाल झालं होतं. माझ्या पेशी फुटून त्यांचा रंग पाण्यात उतरला होता.

"ही देता येणार नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, दोन मागितल्यात!" डॉक्टर ओरडले.

"दुसऱ्या पेढीला विचारा. ही मी देणार नाही."

काडीची पिशवी एकटीच गेली. मी टेबलावर पडून राहिले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तासाभराने पुन्हा फोन आला. दुसऱ्या पेढीची पिशवी पोचली होती, पण तोवर काडीच्या पिशवीनेच त्या बाईला तगवलं होतं. आता धोका टळला होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पहिलवानाला बोलावलं. सोबत काडीही आली. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"माझ्या रक्तात खोट आहे का, ताई?"

"तसं नाही. वय, वजन, बाई की पुरुष, बऱ्याच गोष्टींनी फरक पडतो. आम्हीही अजून शोधतोच आहोत. फॉर्ममध्ये काही लिहायचं राहिलंय का?"

तो नखांकडे बघत पुटपुटला, "दंड फुगावेत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतो. वर्ष झालं. हल्ली छातीत धडधडतं."

"दादा! आणि घरी एका शब्दाने बोलला नाहीस?" काडीचे डोळे भरून आले.

"त्यामुळेच पिशवी बिघडली, असं मी म्हणणार नाही," ताई म्हणाल्या, "पण धडधडीचं आजच डॉक्टरांना दाखवायचं. उठा." काडीने त्याचा तो जाडजूड दंड धरला आणि त्याला लहान मुलासारखं तपासायच्या खोलीत नेलं.

आता मला शेवटच्या तपासणीसाठी कापतील. सापडेल ते सगळं ताईंच्या वहीत जाईल. एवढंच सांगते: रक्त द्यायला जाल तेव्हा फॉर्म खरा भरा. तुमचं गुपित फॉर्मवर नसलं, तरी आमच्या पोटात असू शकतं.

मला कुणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडायचं होतं. ते जमलं नाही. ज्याच्या अंगातून आले, बहुतेक त्याच्याच उपयोगी पडले.