शेवग्याला शेंगा का लागत नाहीत

मिस्त्रींच्या घराचं मागचं दार उघडलं की आधी धुण्याचा दगड, मग नळ, आणि नळाला खेटून शेवगा. हा शेवगा मिस्त्रींनी स्वतः लावलेला. उभं आयुष्य लेथ मशीनपुढे काढून निवृत्त झाले, तेव्हा दुसऱ्या कुणी निरोपाला मिळालेलं घड्याळ मिरवलं असतं. यांनी कारखान्याच्या फाटकाजवळच्या झाडाची एक जाडजूड फांदी मागून आणली आणि परसात रोवली. कशासाठी, तर शेंगांसाठी. शेंग दातात धरायची, ओढायची, गर गट्ट करायचा आणि चोथ्याचा ढीग ताटाच्या कडेला रचत जायचं, यापुढे माणसाला आणखी काय सुख हवं, असं त्यांचं मत. फांदीनं मूळ धरलं, झाड बघता बघता भिंतीच्या वर गेलं, पांढऱ्या फुलांनी लदबदलं. शेंग म्हणाल तर औषधालाही नाही.

का नाही, ते त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. सुनेला. कारण फुलं खुडत होती ती, आणि खात होते खुद्द मिस्त्री.

आता यात तिचं चुकलं की नाही ते तुम्हीच ठरवा, पण आधी ऐकून घ्या. झाड कमरेएवढं झालं त्या सुमारास मिस्त्रींना टायफॉइडनं धरलं. ताप गेला, पण जाताना भूकही घेऊन गेला. दंडाची कातडी लोंबायला लागली, पायजमा कमरेवर ठरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, हिरवा पाला पोटात गेला पाहिजे. मिस्त्रींनी तिथंच, दवाखान्यात, सगळ्या पेशंटांच्या देखत सांगून टाकलं, "पाला शेळीला घाला." आणि मिस्त्रींचा शब्द म्हणजे लेथवर कापलेलं लोखंड. एकदा कापलं की पुन्हा जोडायची सोय नाही.

नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले दिवस कमी घरात आणि जास्त रस्त्यावर. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात उरली ती दोघंच. सून बेकरीत पॅकिंगला होती, पहाटेची पाळी. लग्नानंतर नातेवाइकांनी तिची नोकरी सोडवायची भाषा काढली, तेव्हा हेच सासरे आडवे उभे राहिले होते. नुसतं बोलून थांबले नव्हते. रोज पहाटे हातात बॅटरी घेऊन तिला नाक्यावर बसपर्यंत सोडायला येत, आणि बस हलल्याशिवाय मागे वळत नसत. आजारपणात ती बॅटरी खुंटीलाच लटकून राहिली. सून एकटी अंधारातून जायची, आणि अंधाराचं एक वेळ चालायचं, पण तिला त्या खुंटीकडे बघवत नसे.

तेव्हा तिनं काय केलं, तर शेवग्याचा पाला सावलीत वाळवला, कुटून बारीक केला आणि पिठात मिसळला. पोळी जरा हिरवट आली. सासऱ्यांनी भुवया वर केल्या. ती बेधडक म्हणाली, बेकरीत हे नवीन पीठ आलंय, ताकदीचं. मग फुलं आली. ती धुऊन, बारीक चिरून, कांद्याबरोबर परतून तिनं अंड्यात घातली आणि सांगितलं, मश्रूम आहेत. मिस्त्रींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताट पुढं करून म्हणाले, आणखी आहे का. आजारपणानंतर त्या माणसाच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघाले होते. सून स्वयंपाकघरात गेली आणि पदराला डोळे पुसून मग अंडं घेऊन बाहेर आली.

अन्न अंगाला लागलं. गाल भरले, पायजमा ठरला, आणि एका पहाटे ती चप्पल घालते तो सासरे बॅटरी घेऊन दारात उभे. त्या दिवशी ती बसमध्ये खिडकीशी बसून हसत होती, कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तरी.

पण मिस्त्रींचा जिथं तिथं बेकरीच्या पिठाचा उदो उदो सुरू झाला. बेकरीवाला भर रस्त्यात भेटला तर त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, तुमच्या पिठानं मला उठवलं. बेकरीवाल्याला कशाचा पत्ता नाही, पण फुकटचे आभार कोण नाकारतो? त्यानं मान डोलावून घेतले.

इकडे अंडं जसजसं आवडू लागलं तसतशी फुलं पुरेनात. सून स्टुलावर चढायची, आकडीनं उंचावरच्या फांद्या ओढायची, हाताला लागेल तेवढं खुडायची. वर कुठं चार फुलं उरली तर ती वाऱ्यानं झडायची. शेंग धरणार कुठून? आणि मिस्त्री तेच अंडं खाऊन, वर ढेकर देऊन परसात जायचे आणि झाडाला धारेवर धरायचे. शेजारचे गवंडीभाऊ सल्ल्याला हजर असायचेच. कधी म्हणायचे साबणाचं पाणी बाधतंय, कधी म्हणायचे जागा वाईट. शेवटी त्यांनी निकाल दिला की हे झाड नुसतं वाढतंय, देत काही नाही, कापा आणि पेरू लावा. करवत माझी घेऊन जा.

मिस्त्रींना ते पटलं. सून दाराआडून ऐकत होती. झाड गेलं तर पाला गेला, फुलं गेली, आणि सासरे पुन्हा आजारी पडून बॅटरी खुंटीवर गेली तर? खरं सांगावं तरी पंचाईत. ज्या माणसानं चारचौघांत शेळीचं नाव घेतलं, त्याला वर्षभर पाला चारलाय हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो रागानं जेवणच सोडायचा. तिनं नवऱ्याला फोन केला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, मी यात पडणार नाही, तुम्ही दोघं बघून घ्या. अशा वेळी नवरे असेच उपयोगी पडतात.

रात्रीच्या जेवणाला मिस्त्री अंडं खात होते. खाता खाता म्हणाले, उद्या गवंड्याची करवत आणतो. तिला राहवलं नाही.

"बाबा, झाड देतंय हो. रोज देतंय. तुम्ही आत्ता खाताय ते त्याचंच फूल आहे."

त्यांचा हात घासावर थांबला. मग तिनं सगळंच सांगून टाकलं, फूल, पाला, पीठ, काही मागं ठेवलं नाही. मिस्त्री अर्धं ताट तसंच ठेवून उठले, हात धुतले आणि मागच्या दगडावर जाऊन बसले. ती दारात उभी राहिली. आत या म्हणायचंही तिला धाडस झालं नाही.

पहाटे बॅटरी खुंटीलाच होती. सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. ती एकटीच नाक्यावर गेली. दिवसभर बेकरीत तिनं पाव उलटे भरले, मुकादमीण ओरडली तरी तिला ऐकू गेलं नाही. एकच विचार डोक्यात घोळत होता, की मी या माणसाला खोटं बोलून बरं केलं, आणि खरं बोलून घालवलं.

दुपारी ती घरी आली, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. शेवगा कापलेला होता. छातीएवढं खोड, आणि त्याला एकच लांब फांदी, बाकी सगळं आभाळ मोकळं. करवत भिंतीला टेकलेली. ती मटकन दगडावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

"रडायला काय झालं?"

मिस्त्री भिंतीच्या आडोशाला चादर पसरून बसले होते. कापलेल्या फांद्यांचा ढिगारा एका बाजूला, आणि पुढ्यात ओरबाडून काढलेल्या पाल्याची हिरवी रास. अंगभर पानं चिकटलेली.

"मागं तुझं कोपर सोललं होतं," ते म्हणाले. "बेकरीत ट्रे लागला म्हणालीस. स्टुलावरून पडली होतीस ना?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग. रात्रभर मला तेच दिसत होतं. तू वर चढतेयस आणि मी आत बसून आणखी वाढ म्हणतोय." त्यांनी अंगावरची पानं झटकली. "शेवगा असा छाटला की हाताशी फुटतो. गवंड्याला माहीत होतं, करवत देताना सांगितलं, लेकाचा नको तेच आधी बोलला. आता तुला हात वर करायचं काम नाही."

ठेवलेली एक फांदी त्यांची होती. तिच्या फुलांना हात लावायचा नाही, तिच्या शेंगा होणार. कापलेल्या फांद्यांतली एक भिंतीच्या पलीकडे गवंडीभाऊंना, एक डॉक्टरीणबाईंना, बाकीच्या याच परसात रोवायच्या. आणि बेकरीवाल्याकडे जाऊन त्याला दिलेले आभार ते परत मागून आणणार होते. त्याचे नव्हतेच ते, म्हणाले. सून रडता रडता हसली. मग ती त्यांच्यासमोर चादरीवर बसली आणि दोघं मिळून पाला काढू लागली.

संध्याकाळी तिनं त्यातलाच पाला लसूण घालून परतला. न चिरता, न लपवता, हिरवागार. ताटात वाढला आणि कढई हातात धरून उभी राहिली. मिस्त्रींनी एक घास खाल्ला, चावला, चावत राहिले. मग ताट पुढं केलं.

"शेळीला आणखी थोडं वाढ, पोरी."