माईकची शिट्टी

"कुठाय शिट्टी? मला तर नाही ऐकू येत," टेबलाखालून आवाज आला.

आमचे हे सकाळपासून टेबलाखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. मी वर माईकसमोर बसून "हॅलो, हॅलो" करत होते आणि प्रत्येक हॅलोमागून कानात सुई टोचावी तशी शिट्टी उठत होती.

"अहो, घर डोक्यावर घेतलंय तिनं, आणि तुम्हाला ऐकू येत नाही?"

"तुझ्याच कानात वाजत असेल. डॉक्टरला दाखव एकदा."

ह्यांची उभी हयात कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेली. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. निवृत्त झाले तरी उस्तादी काही सुटली नाही. घरात एखादी वस्तू बिघडली, की लॉटरी लागल्यासारखा चेहरा उजळतो. माझी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्याची. अर्धं शहर माझं ऐकून गाड्या पकडायचं. मी निवृत्त झाले आणि माझं ऐकणारं कोणी उरलं नाही. घरात तर आधीपासूनच नव्हतं.

म्हणून तर हे वाचनाचं काम मला हवं होतं. हवं म्हणजे हवंच. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारं एक ग्रंथालय आहे. घरच्या कॉम्प्युटरवर बसून वाचायचं आणि त्यांच्याकडे पाठवायचं. माझा आवाज तिथल्या बाईंना पहिल्या वाक्यातच आवडला. पण पहिल्या चाचणीत मागे घरघर आली आणि दुसऱ्या चाचणीत ही शिट्टी. "आवाजाबद्दल प्रश्नच नाही हो," बाई म्हणाल्या होत्या, "पण असं रेकॉर्डिंग वाचकांच्या कानावर कसं घालू? चार वाजता शेवटचं बघू. नाहीतर दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल."

घरघर ह्यांनी झकास काढली, ते मात्र कबूल करायला हवं. कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंखा थरथरतोय. सगळी थरथर टेबलातून माईकमध्ये चढतेय." डबा उचलून खाली सतरंजीवर ठेवला. माईकची पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली, त्याची वायर विजेच्या वायरपासून लांब नेली. मग स्क्रीनवर माईकची पातळी बघितली आणि कपाळावर हात मारला. "इतका चढवून ठेवलास? शेजारच्यांचं भांडणसुद्धा येईल यात." ती निम्म्यावर आणली. घरघर गेली. मानलं बुवा, म्हणाले मी.

पण शिट्टी काही जाईना. माईकची पाठ आतल्या खोलीकडे केली की ती बारीक व्हायची, तोंड तिकडे केलं की किंचाळायची. मी तसं सांगत होते आणि हे शेजारी बसून मान हलवत होते.

"नसलेला बिघाड मी कुठून काढू?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"असं कुठं म्हटलं? वय झालं, की होतं असं."

माझा पारा चढला. त्याच वेळी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका, कडेवर बाळ घेऊन उभ्या.

"काकू, ती शिट्टी कसली हो वाजतेय? बाळ सारखं दचकून उठतंय."

मी त्यांची माफी मागितली, दार लावलं आणि विजयी मुद्रेनं वळले. हे माझ्या मागेच उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"काय म्हणाली ती?"

"शिट्टी बंद करा म्हणाली. बाळ उठतंय."

"खालपर्यंत जाते?"

"जाते."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला आणि ते स्टुलावर बसले.

"आतल्या खोलीत स्पीकर आहे," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीमागे. इथून वायर नेलीय."

"कसला स्पीकर?"

"तू माईकमध्ये बोलतेस ते लगेच त्यातून ऐकू येतं. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते, ती मी चालू केली. आता स्पीकरमधून निघालेलं परत माईकमध्ये जातं, तिथून परत स्पीकरमध्ये. असं गोल गोल फिरलं, की शिट्टी होणारच. ऐकू आली असती, तर पहिल्या मिनिटाला पकडली असती मी."

"पण स्पीकर लावलात कशाला?"

"तू वाचतेस ते ऐकायला."

"दार उघडंच असतं की."

"उघडं असूनही कळत नाही गं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आणि बारीक आवाज तर मुळीच येत नाहीत, हे आज कळलं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? मागांच्या खडखडाटात सगळ्यांचंच होतं. आम्ही तिथं ओठ बघूनच बोलायचो. वाटलं, निभावून जाईल."

आणि निभावलंच की त्यांनी. हाक मारली तरी लक्ष नाही, दोनदा सांगावं तेव्हा एकदा कळतं. नवरे असेच असतात, असं मी धरून चालले होते. मैत्रिणींचे नवरेही तसेच, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

"रडू नकोस, आवाज बसेल," हे उठत म्हणाले. "चार वाजत आलेत."

त्यांनी स्पीकरची पिन उपटली आणि तिथे हेडफोन लावला. शिट्टी मेली. "हेडफोनमधला आवाज कानातच राहतो, माईककडे परत जात नाही. घाल तू. आणि ती सोय बंद करतो आता."

मी त्यांचा हात धरला. "राहू दे चालू. हेडफोन तुम्ही घाला."

"मग बाई बोलल्या तर तुला कसं कळणार?"

"तुम्ही सांगा."

"मी?"

"मग कोण? उस्ताद ना तुम्ही?"

चार वाजता कॉम्प्युटरवर बाईंचा कॉल आला. हे हेडफोन घालून, ताठ बसलेले. मला अक्षरही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाई म्हणतात, सुरू करा."

मी वाचू लागले. मध्येच यांचा हात वर झाला.

"बाई म्हणतात, दुसरा परिच्छेद पुन्हा. घाई झाली. खरंय, मलाही वाटलं तसं."

"तुमचं मत नंतर सांगा."

मी पुन्हा वाचलं. स्थानकावर वाचायचे तसंच, प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. संपलं. हे नुसतं ऐकत होते आणि हसत होते.

"अहो, काय म्हणतात?"

"म्हणतात, मागं काही म्हणजे काही नाही. एकदम स्वच्छ. सोमवारी पहिलं पुस्तक पाठवतात."

कॉल संपला. मी टाळी वाजवली, लहान मुलीसारखी. माईक बंद करायला गेले तर यांनी मला थांबवलं. हेडफोन अजून कानावरच होता.

"एक विचारू? लग्न होऊन जाताना आपली पोरगी मला काहीतरी म्हणाली होती. गाडीपाशी. मी नुसती मान हलवली. तू शेजारीच होतीस. काय म्हणाली ती?"

मला आठवत होतं. बाबा फोनवर येतच नाहीत, ही तिची तक्रार तर मी दर वेळी ऐकते. मी माईक जवळ ओढला आणि जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणाली, 'बाबा, मला फोन करत जा. आईनं लावून दिलेला नको. तुम्ही स्वतः करा.'"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"कॉम्प्युटरवरून लागतो ना तिला?"

"लागतो."

"मग ऊठ तिथून. मला बसू दे."

मी खुर्ची सोडली. ते माईकसमोर बसले, माईकची मान आपल्या तोंडाकडे वळवली आणि रिंग वाजू लागली तसे दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.