रात्री दोनची बारी

सुलक्षणानं शिरूरहून नवा लॅपटॉप आणला, सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून ओवाळलं, आणि एवढा मानपान होऊनही तो घरच्या वायफायला जुळेना. दुसऱ्या दिवशी अकराला पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत होती, व्हिडिओवर. नोकरी घरी बसून करायची. दौंडचं माहेर सोडून मांडवगणात आल्यापासून तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. बारशी आणि डोहाळजेवणं सोडून.

लॅपटॉप नेटवर्कचं नाव दाखवायचा, पासवर्ड घ्यायचा, जरा गोल गोल फिरायचा आणि 'जोडता येत नाही' म्हणायचा. तिनं एकेक अक्षर पुटपुटत पासवर्ड टाकला. बंद करून चालू केला. 'हे नेटवर्क विसरा' असं बटण होतं, तेही दाबलं. भावकीसाठी असं बटण अजून कुणी काढलं नाही, याचं तिला वाईट वाटलं.

"नवं खोंड परक्या हौदावर पानी पीत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "बुजलंय त्ये. एक रात बांधून ठिव त्या वायफायच्या पेटीजवळ."

नवऱ्याच्या, संपतच्या मोबाईलवरून नेट दिलं तर लॅपटॉप लगेच जुळला. म्हणजे तो धड होता. फक्त त्या नेटवर तिचा चेहरा नाकापर्यंतच पोचायचा. तिचा मोबाईल वायफायवर मजेत चालत होता, म्हणजे वायफायही धड. नव्यानं आलेल्यालाच कुणीतरी दारात अडवत होतं. नव्यानं आलेल्याला या घरात कोण अडवतं, हे तिला लग्नापासून पाठ होतं.

वायफायची पेटी भिंतीपलीकडं, चुलतदीर पृथ्वीराजच्या हॉलमध्ये. बिल मात्र निम्मं निम्मं.

"भावजी, पेटीत काय केलंय का तुम्ही?"

"व्हय. नव्या मशिनीला बंदी हाय." पृथ्वीराज मॅच बघत होता. "गर्दी झाली की आमचा बॉलर पळायचा थांबतो."

"उद्या मुलाखत हाय माझी."

"म्होरल्या सोमवारपास्नं बघू. बारी लावू तुमची. इहिरीवर कशी हाय? बारी म्हंजी बारी, वहिनी."

विहीर सामाईक होती. दिवसाचं पाणी पृथ्वीराजचं, रात्री दोननंतरचं संपतचं. 'संपतदादाला अंधाराची सवय हाय' म्हणून पृथ्वीराजनंच ते ठरवलेलं. संपत वर्षानुवर्षं बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जायचा आणि दिवसा जेवता जेवता झोपायचा.

सुलक्षणाला राग आला की ती भांडत नसे. तिनं चहा केला, सावकाश प्यायली, आणि मोबाईलवर पेटीच्या सेटिंगचं पान उघडलं. पृथ्वीराजच्या गेटला तीन कुलपं होती. इथला पासवर्ड मात्र कंपनीतून येतो तोच, साऱ्या जगाला पाठ असलेला. परवानगीच्या यादीत त्याचा मोबाईल होता, टीव्ही होता, चार कॅमेरे होते आणि फ्रीजसुद्धा होता. फ्रीजला परवानगी, वहिनीला बंदी. तिनं लॅपटॉप यादीत घातला, सेटिंगचा पासवर्ड बदलला. तेवढ्यात पलीकडं 'वेळापत्रक' दिसलं.

मुलाखत झकास झाली. नोकरी लागली.

तिकडं पृथ्वीराजचा बॉलर जो धावायचा थांबला तो थांबलाच. शिक्रापूरच्या नेटवाल्यानं फोनवरून सांगितलं, "बंद करून चालू करा." त्यानं पेटीसकट घरातलं सगळं बंद करून चालू केलं. शेवटी तो सुलक्षणाच्या दारात आला.

"वहिनी, तुमच्याकडं नेट हाय?"

"हाय की."

"मग आमच्याकडं?"

"तुमची बारी रात्री दोनला हाय, भावजी. दोन ते चार."

"अशी कुठं बारी असती व्हय?"

"इहिरीवर हाय की. सवय व्हईल. आमच्या ह्यांना झाली."

पृथ्वीराज चौकटीला टेकला. फायनल दोन दिवसांवर आली होती. "बरं, दिवसाचं पानी घ्या तुम्ही. रातचं आमी घेतो. मग तर झालं?"

"ऐकलं का वो आत्याबाई?" सुलक्षणानं सासूबाईंना आतून बोलावून साक्षीला उभं केलं. दुसऱ्या दिवशी संपतनं भर उन्हात मोटर चालू केली आणि बांधावर उगीचच दात काढत उभा राहिला.

संध्याकाळी पृथ्वीराज पुन्हा आला. "वहिनी, पानी दिलं. आता नेटचं?"

"म्होरल्या सोमवारपास्नं बघू."

फायनलच्या रात्री दोन वाजता नेटची बारी लागली आणि पृथ्वीराजच्या हॉलमधला टीव्ही आपोआप जागा झाला. अडकलेला बॉलर धावला, गर्दी ओरडली. सोफ्यावर कुणीच नव्हतं.

सासूबाईंनी कूस बदलली. "कोन गं एवढ्या रातचं वरडतंय?"

"मॅच लागलीय, आत्याबाई."

"आन् पृथ्वी कुठं हाय?"

"कांद्याला पानी देत्यात," सुलक्षणा म्हणाली, आणि घोरणाऱ्या संपतच्या अंगावर तिनं गोधडी नीट केली.