राखीव खाट

"तापाबिपाचं असतं तर गोष्ट वेगळी हुती, बाई," वॉर्डन म्हणाले. "टायफॉईड असू दे, पाय मोडू दे, दोन महिने खाट राखून ठेवायचा नियम हाय. पण ह्याला नियमच न्हाय. हजेरी न्हाय म्हटल्यावर सीट रद्द. मी तरी काय करू?"

यल्लव्वा दारातच उभी होती. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळता चाळता तिला निरोप मिळाला, तशीच ती बेळगावची गाडी धरून आली होती. लुगड्यावरची तंबाखूची धूळही झटकायची राहिली होती. तिचा एकुलता एक मुलगा धर्मराज या सरकारी वसतिगृहात राहून पी.यू.सी. सायन्स, म्हणजे अकरावी-बारावी, करत होता. वस्तीतला सायन्सला गेलेला तो पहिलाच मुलगा. इथं राहणं-जेवण सरकारचं होतं, म्हणून तर हे जमलं होतं. खाट गेली की कॉलेज गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"पोरगं कुठं हाय?"

"खोलीत. गुणाबाई बसलीया त्याच्याजवळ."

गुणाबाई वसतिगृहाची स्वयंपाकीण. तिनंच निरोप धाडला होता. यल्लव्वाला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "आक्का, काल मागच्या हिरीच्या काठावर उभा हुता. म्या हाताला धरून आणलं. वॉर्डनसायबास्नी ह्यातलं बोलले न्हाय. तू त्याला एकटं सोडू नगंस."

धर्मराज भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, मनगटं काटकीसारखी झालेली. आईनं पाठीवर हात ठेवला तरी त्यानं मान वळवली नाही.

"काय झालं रं लेकरा?"

त्यानं शेजारचं पुस्तक उलटं ठेवलं. मग म्हणाला, "आये, सगळं इंग्रजीत असतंय. सरांनी उभं केलं, तोंडातनं शब्दच फुटंना. समदी हसली. त्या दिवसापास्नं पुस्तक उघडलं की अक्षरं सरकत्यात. झोप न्हाय. भाकरीचा वास आला तरी वकारी येतीया."

"मग कळवायचं न्हाय व्हय मला?"

"तू सगळ्या वखारीला सांगितलंईस, पोरगं डाक्टर व्हणार म्हणून."

पदरानं यल्लव्वानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला उठवलं.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं धर्मराजला शेजारी बसवून घेतलं आणि शांतपणे सगळं विचारलं. मग यल्लव्वाकडं वळून तो म्हणाला, "हा मनाचा आजार आहे. औषधानं बरा होतो. धारवाडच्या दवाखान्यात न्यावं लागेल."

धारवाड! वखारीत कुणी जरा वेडंवाकडं बोललं की बाया हसून म्हणायच्या, ह्याला धारवाडला धाडा. यल्लव्वाही हसली होती.

"डाक्टरसायेब," ती खाली बसली, त्याच्या पायाजवळ. "टायफॉईड झालाय म्हणून लिवा की. खाट ऱ्हाईल पोराची. मी घरी न्हेतो, डोळ्यांत तेल घालून बघतो."

डॉक्टरनं तिला हाताला धरून उठवलं. त्यानं केसपेपर पुढं ओढला.

"लिहीन मी," तो म्हणाला. "पण वसतिगृहाला हाच कागद जाणार आणि धारवाडलाही हाच. टायफॉईड लिहिला तर धारवाडला काय म्हणून पाठवू? आणि तुम्ही वखारीत गेल्यावर घरी ह्याच्याजवळ कोण?"

कुणीच नव्हतं. यल्लव्वाला विहिरीचा काठ दिसला. खाटही दिसली, लोखंडी, हिरव्या रंगाची. जूनमध्ये पोराला सोडायला आली तेव्हा त्या खाटेवर टेकून ती पाणी प्यायली होती.

"आये," धर्मराज म्हणाला, "खरं लिवाय सांग. मला मरायचं न्हाय गं."

ती दाराशी गेली, चौकट धरून उभी राहिली. मग मागं न बघताच म्हणाली, "लिवा, सायेब. धारवाडचं लिवा."

धारवाडला तिनं त्याला दाखल केलं. त्याच्याजवळ बसायला तिचा भाऊ भरमा आला, तेव्हा ती पोराची पेटी आणायला बेळगावला परत आली. वॉर्डननी मान वर न करता खोलीकडं बोट दाखवलं.

खाटेवर नवी वाकळ पसरली होती. जांबोटीच्या जंगलपट्टीतली एक बाई तिच्या चुण्या सारख्या करत होती, शेजारी तिचा मुलगा नव्या चपला घालून उभा होता. बाईचं तोंड आनंदानं फुललं होतं. यल्लव्वा पेटी ओढू लागली तशी तिनं विचारलं, "ही तुमच्या पोराची जागा व्हय? मोठ्या कॉलेजात गेला जणू?"

'व्हय' हा शब्द यल्लव्वाच्या ओठांपर्यंत आला होता.

"न्हाय," ती म्हणाली. "आजारी पडला. मनानं." मग त्या मुलाकडं बघत बाईला म्हणाली, "आक्का, तुमचं गाव लांब असंल. पर अधनंमधनं येत जावा. आलासा की अभ्यासाचं नगा इचारू. जेवतोस का, झोपतोस का, एवढंच इचारा."

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. तिनं मुलाला जवळ ओढलं. मग पुढं होऊन तिनं पेटीला दुसऱ्या बाजूनं हात घातला, आणि दोघींनी मिळून ती यल्लव्वाच्या डोक्यावर चढवली.