एकशे सात नंबरचं यंत्र

दवाखान्याच्या व्हरांड्यात थंड पेयांच्या यंत्राचा कुणीतरी फोटो काढत होता. मिस्त्रींना बरं वाटलं. आपल्या वस्तूचं कौतुक कुणाला नको असतं?

"हे माझं," मिस्त्री म्हणाले.

तो माणूस हसला. "घोळ होतोय काका. हे माझं आहे. एकशे सात नंबर."

त्याने खिशातून कराराची घडी काढली. मिस्त्रींनी आपली काढली. दोन्हीवर एकशे सातच होता.

मिस्त्रींनी पेचकस काढून मागचं झाकण उघडलं. आतल्या पत्र्यावर त्यांची बारीक फुली आणि तारीख होती. चौतीस वर्षं आपल्या दुरुस्तीच्या दुकानात हाताखालून गेलेल्या प्रत्येक फ्रिजवर ते ती खूण करत आले होते. यंत्र तेच होतं, यात शंका नव्हती.

"रोज कुणी ना कुणी येतं," पलीकडून रखवालदार म्हणाला. "परवा एकजण सहकुटुंब आले होते. सगळे म्हणतात, माझंच."

मिस्त्रींनी झाकण तसंच उघडं सोडलं. यंत्र विकत घ्या, आम्ही ते चालवतो, दरमहा घरबसल्या भाडं घ्या, असं कंपनीचा हसरा एजंट म्हणाला होता. "घरबसल्या पैसे फक्त घरमालकाला मिळतात," असं बायको म्हणाली, तेव्हा मिस्त्री तिच्यावरच खेकसले होते. यंत्र बघितल्याशिवाय दमडी देणार नाही, असं एजंटला ठणकावून ते बघायला गेले. कॉम्प्रेसरला कान लावून अर्धा तास बसले, खूण केली आणि पास करून आले. यंत्राच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकलं नसतं, आणि कुणी फसवलंही नव्हतं. तीन महिने भाडं तारखेला आलं. मग ते जगभर सांगत सुटले.

त्या जगात त्यांची धाकटी बहीण होती. नवरा गेल्यावर गणवेश शिवून तिने लेकीच्या शिक्षणासाठी पैसे साठवले होते. आज चार वाजता ती सही करणार होती. ऑफरचा आज शेवटचा दिवस होता म्हणे.

सव्वातीन झाले होते. त्यांनी फोन लावला. ती उचलेना. शिवताना फोन बंद ठेवायची तिची सवय, आणि बाहेर पडल्यावर तो सुरू करायचं कधी लक्षात राहायचं नाही. एजंटच्या ऑफिसकडे जाणारी बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती आणि मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. लिफ्टची वाट न बघता ते तीन जिने धापा टाकत चढले.

बहीण टेबलाशी बसली होती. हातात पेन होतं, मांडीवर पैशांचं पाकीट. मागच्या बाकावर आणखी पाच-सहा जण होते.

"या मिस्त्री! तुमचंच नाव निघालं होतं," एजंट उठला आणि त्यांना खिडकीशी घेऊन गेला. त्यांच्या हातातला पेचकस बघून तो सगळं समजला. आवाज खाली आणून म्हणाला, "आठवड्यात तुमचं मुद्दल परत करतो. आज फक्त गप्प बसा."

मिस्त्री क्षणभर गप्प बसले. त्या क्षणाची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटली.

मग वळून ते मोठ्याने म्हणाले, "सही करू नकोस."

"का रे दादा? तूच तर म्हणालास, मी तपासलंय."

"एकच यंत्र दहा जणांना विकलंय यांनी. मागून येणाऱ्याच्या पैशातून आधीच्याला भाडं देतात. मला कळलं नाही. मी फसलो."

बाकावरचे लोक त्यांच्याकडे बघत राहिले. त्यातले दोघे त्यांच्याच शब्दावर आले होते. त्यांच्याकडे बघायचा मिस्त्रींना धीर झाला नाही. "तुम्हीही उठा," एवढंच ते म्हणाले.

जिन्यात बहिणीने विचारलं, "तुझे किती गेले?"

"दुकान विकलं होतं."

ती दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "माझ्या मशीनशेजारची भिंत रिकामी आहे. लोकांचे फ्रिज तिथं आणून दुरुस्त कर."

"हत्यारंही दुकानाबरोबर दिली गं. हा एवढा राहिला."

पेचकस अजून त्यांच्या मुठीतच होता. बहिणीने तो हळूच काढून घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत पैशांच्या पाकिटाशेजारी ठेवला.