सतरा नंबरचं बारावं चित्र

माझ्या बैठकीच्या भिंतीवर अकरा मरणं टांगलेली आहेत. चित्रातली हो! कवटीत घरटं केलेली चिमणी, पेल्यात राहिलेली कवळी, पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी. लेक आली की नाक मुरडते. "आई, लोक भिंतीवर फुलं लावतात गं." लावोत बापडे.

चाळीस वर्षं मी दवाखान्यात एक्स-रे काढले. हाडांचं भय मला कुठलं असायला! पण नवरा गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हवापाण्याच्या गप्पा मारून उठायचा. मरणाचं नाव म्हणून कुणी काढेना. इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते. त्याच वर्षी एका प्रदर्शनात यातलं पहिलं चित्र दिसलं आणि वाटलं, चला, कुणीतरी तोंड उघडलं एकदाचं.

चित्रकार बाईंचा नेम ठरलेला. मरणावर बारा चित्रं, वर्षाला एक. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, तीसच प्रती छापायच्या आणि मग पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल फुली मारायची, म्हणजे तशी एकतिसावी प्रत कधी निघणारच नाही. गिऱ्हाइकं तीस, प्रत्येकाचा नंबर कायमचा. माझा सतरा. कुणी गेलं किंवा कुणी नंबर सोडला, तर तो रांगेतल्या पुढच्याला मिळतो. रांगेत पहिला एक दातांचा डॉक्टर. दर महिन्याला फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करायचा मेला. "ठणठणीत आहे," मी सांगायची. "तुमच्या दाढा कशा आहेत?"

यंदा मात्र मी स्वतःचाच एक्स-रे उजेडासमोर धरला आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत मला कळलं. फुप्फुसात गाठ. ऑपरेशन सोमवारी. बारावं चित्र शनिवारी मिळणार होतं आणि मला ते हवंच होतं. अकरा वर्षं मरणाच्या डोळ्यात डोळे घालून बसले, आता शेवटच्याला पाठ दाखवू? छट्!

शनिवारी लेकीला न सांगता टॅक्सी केली. छापखान्यात शिरले तर बाई मला बघून चपापल्याच.

"अहो, तुमच्या लेकीचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "आईने नंबर सोडला म्हणून. सतरा नंबर सकाळीच ते दातांचे डॉक्टर घेऊन गेले. पत्र्यावर फुलीही मारून झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच लेकीला फोन लावला. "कुणाला विचारून सोडलास माझा नंबर?"

ती रडायलाच लागली. "तू ते चित्र उराशी धरून ऑपरेशनला जाणार. मला भीती वाटते गं, आई."

"मलाही वाटते," मी म्हणाले. इतक्या दिवसांत हे तिच्याशी बोलले नव्हते. "म्हणूनच ते समोर हवं. ये मला न्यायला."

फोन ठेवला आणि बाईंना म्हटलं, "पत्रा दाखवा."

पत्र्यावर एक रिकामी खाट होती, उशीवर डोक्याचा खळगा तसाच. आणि त्या सगळ्यावरून फुलीचे दोन खोल ओरखडे.

"छापा."

"अहो, हा बाद झालेला पत्रा आहे. याला नंबर नाही देता येणार. सहीसुद्धा नाही."

"मागितली कुणी?"

 बाई हसल्या आणि बाह्या सावरून कामाला लागल्या. पत्र्यावर शाई भरली, जाळीच्या फडक्याने पुसली, वर ओलसर कागद ठेवला. प्रेसचं चाक फिरवायला मीही हात लावला. दम लागला, तरी सोडलं नाही.

लेकीबरोबर घरी पोचते तोच दातांच्या डॉक्टरचा फोन. त्याला बातमी लागली होती. "तुमच्या प्रतीचा नंबर काय?"

"तिला नंबरच नाही," मी म्हटलं. "त्यामुळे माझ्यामागे रांगही नाही."

सोमवारी दवाखान्यात खाटेसमोरच्या भिंतीवर ते चित्र लेकीनेच चिकटपट्टीने लावलं.  तेवढ्यात नर्स आली. "अगंबाई, हे काय अभद्र लावलंय?"

मी उत्तर द्यायच्या आत लेकच कडाडली, "नीट बघा. फुली कशावर मारलीय ते बघा!"